नमुन्याची किल्ली

सरांनी मला मुलाखतीत एकच प्रश्न विचारला होता. "एक ते दहामधला एक आकडा मनात धर." मी धरला. "सांग." मी म्हटलं, "चार." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "सात का नाही धरलास?" मी म्हटलं, "सगळे सातच धरत असतील म्हणून." "बरं, मग चारच का?" याला माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. सर एकदम खूश झाले. "कारण सांगता येत नाही ना? उत्तम. कारण सांगता आलं असतं तर चोरालाही तो आकडा काढता आला असता. सोमवारपासून ये." माझी बी.एस्सी.ची सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या फाइलमधून बाहेरसुद्धा आली नाहीत. घरी आईनं विचारलं, "काय विचारलं गं?" मी सांगितलं, तर ती म्हणाली, "नोकरी आहे की भविष्य सांगणारा आहे?"

ऑफिस म्हणजे पनवेलला टपाल नाक्याजवळ, प्लायवूडच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खाली दिवसभर करवत चाले आणि वर आम्ही चौघं: सर, मी आणि माझ्याच वयाचे दोन प्रोग्रॅमर. लोडशेडिंग सुरू झालं की करवत थांबायची, पंखेही थांबायचे आणि इन्व्हर्टरवर फक्त कॉम्प्युटर चालायचे, त्यामुळे शांतता आणि घाम हे दोन्ही आम्हाला एकदमच मिळत. सर पूर्वी मुंबईत कुठल्याशा सरकारी खात्यात गणिताचं काम करत होते. कसलं गणित ते आम्हाला कधी कळलं नाही. ते त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंनाही कळलं नव्हतं, असं काकू स्वतःच सांगायच्या. स्वेच्छानिवृत्ती घेऊन ते पनवेलला आले. पनवेलच का, असं विचारलं की म्हणायचे, "इथून कुठेही जाता येतं, आणि मुद्दाम इथे कोणी येत नाही. कामाला याहून चांगली जागा नाही."

आमचा माल जरा विचित्र होता. कोणी विचारलं तर मी सुरुवातीला "सॉफ्टवेअर करतो" म्हणायचे आणि लोक म्हणायचे, "मग आमचा प्रिंटर तेवढा बघून जा ना." खरं म्हणजे आम्ही लोकांसाठी प्रोग्रॅम करतच नव्हतो. जे प्रोग्रॅम करतात त्यांच्यासाठी तयार तुकडे करत होतो. ज्याला आपल्या प्रोग्रॅममध्ये कागद कुलूपबंद करायचा असेल, सही करायची असेल, आलेली सही खरी की खोटी ते तपासायचं असेल, त्यानं आमचं टूलकिट विकत घ्यायचं आणि त्यातला हवा तो तुकडा उचलून आपल्या प्रोग्रॅममध्ये बसवायचा. सर म्हणायचे, "आपण फर्निचर करत नाही. आपण सुताराची हत्यारं करतो."

नवा माणूस आला की पहिल्या दिवशी सर टेबलाचा खण उघडत. आत पाचसहा कुलपं असायची, सगळी उघडी. त्यातलं एक हातात देऊन ते सांगत, "हे उघडं कुलूप. ही तुझी सार्वजनिक किल्ली समज. ही जगाला वाट. ज्याला तुला काही पाठवायचं असेल, तो ते पेटीत घालेल आणि तुझं कुलूप दाबून बंद करेल. दाबायला किल्ली लागते का? नाही. बंद केल्यावर त्याला स्वतःला तरी उघडता येईल का? नाही. उघडणार कोण? जिच्याकडे किल्ली आहे ती तू एकटी. ती खाजगी किल्ली. कुलूप जगाला, किल्ली कोणालाच नाही. आईलासुद्धा नाही." मग त्या कुलपाची किल्ली ते आपल्याला देत आणि वर बजावत, "मी दुसरी करून ठेवली नसेल कशावरून, हे तू मला विचारायला हवं होतंस." मी दुसऱ्या दिवशी विचारलं. ते म्हणाले, "ठेवली आहे. आता शिकलीस."

कॉम्प्युटर स्वतःहून काढतो त्या आकड्यांवर सरांचा विश्वास नव्हता. किल्ली करायला असे आकडे लागतात की ज्यांत काही ठरावीक चाल नाही. कॉम्प्युटर, सरांच्या मते, हिशोबी माणूस होता, त्याला वेड्यासारखं वागताच येत नाही. म्हणून सर एकदा पळस्पे फाट्यावर उभे राहून न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या कंटेनरच्या गाड्यांचे शेवटचे आकडे टिपून आले. दोन दिवसांनी तो उद्योग बंद झाला, कारण एकाच मालकाच्या गाड्या एकामागून एक येतात आणि त्यांचे नंबरही ओळीनं असतात. मग त्यांनी अष्टा चंगस खेळायच्या कवड्या आणल्या. सकाळी आल्यावर देवाला फूल वाहावं तसे ते स्टीलच्या ताटलीत कवड्या टाकत, उताणी-पालथी बघत आणि तेवढे आकडे मशीनमध्ये भरत. खालचा प्लायवूडवाला एकदा पट्टी मागायला वर आला, त्यानं हे पाहिलं आणि मग तो माझ्या आईलाच म्हणाला, "तुमच्या मुलीचे साहेब जुगार खेळतात, पण एकटेच."

टूलकिटमधल्या तुकड्यांची नावं सरांनी मराठीत ठेवली होती: कुलूपलाव, कुलूपउघड, सहीकर, सहीतपास. पुण्याच्या एका कंपनीनं ही नावं बदला म्हणून विनवलं. सरांनी त्यांना कळवलं, "तुम्ही पुण्याचे, तुम्हाला वाचता येईल." सोबतचं माहितीपुस्तकही मराठीत होतं. ते सरांनी स्वतः लिहिलं होतं आणि सुंदर लिहिलं होतं, पण ते कोणी वाचत नव्हतं. त्यात भाषेचा दोष नव्हता. प्रोग्रॅमर ही जात माहितीपुस्तक वाचत नाही. ती शेवटी जोडलेला नमुन्याचा प्रोग्रॅम उघडते, तो चालतो का बघते, चालला की त्यावर आपलं नाव घालते. सरांनाही हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी नमुन्याचा प्रोग्रॅम अगदी निगुतीनं केला होता. त्यात घालायची नमुन्याची किल्ली त्यांनी अख्ख्या दिवाळीच्या सुट्टीत कवड्या टाकून तयार केली. काकू म्हणाल्या होत्या, "लोक लक्ष्मीपूजनाला जुगार खेळतात ते एक रात्र. यांचं भाऊबीजेपर्यंत चाललं होतं."

स्वतःच्या बाबतीतही त्यांचे नियम ढिले नव्हते. बँकेनं आईचं माहेरचं नाव विचारलं की ते खोटं सांगत, कारण खरं नाव शोधून काढता येतं. प्रत्येक बँकेला वेगळं खोटं. पुढे कुठे काय सांगितलं ते त्यांनाच आठवेना. एकदा एका बँकेच्या बाईंनी फोनवर तीन वेळा विचारून शेवटी "काका, तुमच्या आईंना किती माहेरं होती?" असं विचारलं. ऑफिसात आम्ही तोंडात रुमाल कोंबून बसलो होतो. सर मात्र फोन ठेवून समाधानानं म्हणाले, "बघा. मला सुद्धा आत जाता येत नाही."

त्यांना राग यायचा तो फक्त दोन शब्दांचा. "चालतंय ना!" आमच्यापैकी कोणी हे शब्द उच्चारले की ते उठून गॅलरीत जाऊन उभे राहत. परत आले की शांतपणे म्हणत, "चालतंय म्हणजे बरोबर आहे असं नाही. उघडं दारही चालतं. छान चालतं, कुरकुरत नाही."

एवढं सांगितल्यावर मासळीवाल्या ताईंचं सांगितलं पाहिजे. सर कसे होते असं मला कोणी विचारलं तर मी नेहमी तेच सांगते.

ताई उरणकडच्या, करंज्याच्या. वडलांची होडी होती, त्यातून त्यांनी कोळंबी आणि म्हाकूल एक्स्पोर्टवाल्यांना पुरवायचा धंदा उभा केला होता. मदतीला धाकटा भाऊ. खरेदी करणारे शेठ आमच्या पनवेलचेच, उरण नाक्यावर त्यांचं ऑफिस होतं. दर आठवड्याला माल पुरवणाऱ्यांनी आपापला रेट शेठना पाठवायचा, ज्याचा रेट कमी त्याला ऑर्डर. पूर्वी हे पाकिटातून चालायचं. ब्रॉडबँड आलं तसं शेठनी नवी मुंबईतल्या एका प्रोग्रॅमरकडून सगळ्यांसाठी एक प्रोग्रॅम करून घेतला: रेट लिहायचा, बटण दाबायचं, तो कुलूपबंद होऊन ईमेलनं शेठकडे जायचा. त्यातलं कुलूप आमच्या टूलकिटचं होतं. प्रोग्रॅम सुरू करताना पडद्यावर बारीक अक्षरात तसं यायचं, आणि सरांना त्याचा जरा अभिमान होता.

ताई पहिल्यांदा ऑफिसात आल्या तेव्हा त्यांनी टेबलावर सुकटीची पिशवी ठेवली. सर शाकाहारी. त्यांनी ती दोन बोटांनी उचलून माझ्याकडे सरकवली आणि "बसा बाई" म्हणाले.

"मास्तर, तुमचा कुलूप फुटतंय," ताई म्हणाल्या. "तीन महिनं झालं. मी रेट लावते, आन दर खेपेला कोनतरी माज्यापरीस एक रुपया कमी लावतो. एकच रुपया. कसा लागतो त्याला?"

सरांनी विचारलं, "प्रोग्रॅम उघडायचा शब्द कोणाकोणाला माहीत आहे?"

"मना आन माज्या धाकट्या भावाला. आमी दोगंच बसतो."

सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. दोन आणि दोन चार म्हणावं तशा आवाजात ते म्हणाले, "हे कुलूप फोडायला जगातले सगळे कॉम्प्युटर लावले तरी पुरणार नाहीत. गणित फितूर होत नाही, बाई. माणूस होतो. कुलूप शाबूत आहे, म्हणजे किल्ली घरातून गेली."

ताई पदर सारखा करून उठल्या. जाताना त्यांनी "येते" म्हटलं नाही.

पुढे कळलं ते असं. घरी जाऊन त्यांनी भावाला विचारलं. भावानं विचारलं, "कोन म्हनतंय?" ताईंनी सांगितलं, "ज्यानं कुलूप केलं तो मास्तर म्हनतोय." भाऊ जेवायच्या ताटावरून उठला, हात धुतला आणि दुसऱ्या दिवशी न्हावा शेव्याला एका कंटेनर यार्डात गाड्या तपासायच्या कामाला लागला. तिथेच दोनचार जणांबरोबर खोली घेऊन राहिला. बहिणीचा फोन तो उचलेना. गावात कोणाच्या तोंडाला कोण हात लावणार? भावानं रेट विकले म्हणून ताईनं त्याला काढला, असं पार मोरा बंदराच्या धक्क्यापर्यंत पसरलं.

ताई दुसऱ्यांदा आल्या तेव्हा पिशवी नव्हती. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"मास्तर, भाऊ गेला. दीड महिना झाला. रेट अजून बाहेर जातान. आता कोनाला काढू? मीच उरलेय."

खालची करवत चालू होती, ती मला त्या वेळी फार मोठ्यानं ऐकू आली. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, "तुमचा या आठवड्याचा रेट कुलूपबंद करून मला पाठवा. काय लिहिलंत ते सांगू नका."

प्रोग्रॅमची एक कोरी प्रत आमच्याकडे होती, तपासायला म्हणून त्या प्रोग्रॅमरनं दिलेली. सरांनी ती माझ्या मशीनवर चढवली, स्वतःचाच कसलासा शब्द टाकून ती सुरू केली आणि ताईंची फाइल त्यात ओढली. नियमानं तिथे 'उघडता येत नाही' असं यायला हवं होतं. तसं काही आलं नाही. कोळंबीचा रेट आला, म्हाकुलाचा आला, खाली ताईंचं नाव आलं.

"हा रेट मला दिसायला नको होता," सर म्हणाले.

त्यांनी प्रोग्रॅम आतून उघडला. मी मागे उभी होते. एक लांबलचक आकडा पडद्यावर आला आणि सरांचा हात माउसवरून खाली आला. आपलंच अक्षर दुसऱ्याच्या वहीत दिसावं तसं त्यांनी तो आकडा ओळखला. दिवाळीत कवड्या टाकून केलेली तीच नमुन्याची किल्ली. वर सरांनीच लिहिलेली सूचनाही होती: 'ही नमुन्याची किल्ली आहे. येथे आपली स्वतःची घालावी.' प्रोग्रॅमरनं ती घातली नव्हती. शेठकडे तीच किल्ली, ताईंकडे तीच, माल पुरवणाऱ्या प्रत्येकाकडे तीच. प्रत्येकाचा शब्द वेगळा, पण तो आपापल्या दाराचा. आतली तिजोरी सगळ्यांची एकच, आणि तिची किल्ली प्रत्येकाच्या घरात.

सरांनी प्रोग्रॅमरला फोन लावला. पोरगा सज्जन होता. म्हणाला, "हो सर, तेवढा एक भाग कळला नव्हता, म्हणून तसाच ठेवला. पण चालतंय ना!" सर गॅलरीत गेले नाहीत. त्यांनी फोन हळूच खाली ठेवला.

शेठकडे आम्ही चालतच गेलो. शेठ मनमोकळा माणूस, आम्हाला बघताच त्यांनी थंड मागवलं. सरांनी सगळं समजावून सांगितलं. शेठ मान डोलवत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "अहो सर, हे आम्हाला कधीचं माहीत आहे!"

"माहीत आहे?"

"म्हणजे काय! एखाद्याचा कॉम्प्युटर बंद पडला की तो शेजारच्याकडे जाऊन आपली फाइल उघडून घेतो. किती सोयीचं पडतं! तुमचं कुलूप म्हणजे फार चांगलं आहे सर, कोणाची अडचण होत नाही. रेट आम्ही सोमवारपर्यंत घेतो, आणि आमचा क्लार्क दर शनिवारी तोवर आलेल्या सगळ्यांच्या फाइली सगळ्यांना परत पाठवतो, पोचल्याची खूण म्हणून. कुलूपबंदच असतात, त्यात काय?"

"आणि कोणी उघडून रेट बघितले तर?"

शेठ दुखावले. "असं कोण करेल सर? आपली सगळी ओळखीची माणसं आहेत."

सरांचं थंड तसंच राहिलं. जिन्यावरून उतरताना ते मला म्हणाले, "मी गणित तपासलं. पुन्हा पुन्हा तपासलं. शेजारी तपासायचे राहिले." मला हसू आलं होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी ते गिळलं. इतका वाईट दिसणारा माणूस मी त्याआधी घरच्या मयतीतच पाहिला होता.

मी धरून चालले होते की सर आता टूलकिट दुरुस्त करायला बसतील. ते म्हणाले, "तुझी स्कूटी काढ. न्हावा शेव्याला जायचं आहे." मागे बसताना ते स्वतःचं हेल्मेट आणत, बांधकामावर घालतात ते पिवळं. त्या रस्त्याला कंटेनरच्या ओळीतून स्कूटी न्यायची म्हणजे जिवावरचं काम. वाटेत सरांनी एकदा एका गाडीच्या नंबराकडे बघून मान हलवली, ती जुनी सवय.

भाऊ यार्डाच्या फाटकाशी भेटला. पंचविशीचा असेल, अंगात केशरी जाकीट. सर कोण हे कळल्यावर त्याचा चेहरा बंद झाला. सरांनी आडवळण घेतलं नाही. "चूक माझी होती. मी केलेल्या नमुन्यातूनच रेट बाहेर जात होते. तुझा काही संबंध नव्हता. मी न तपासता बोललो."

तो जाकिटाच्या चेनशी खेळत म्हणाला, "तुमी कुठं म्हनलात मी चोर हाय? तुमी म्हनलात, किल्ली घरातनं गेली."

"तेच ते."

"तेच नाय. तुमी परके. तुमी काय बी बोलाल. तिनं ऐकलंन, म्हनून मी गेलो. मना लहानाचा मोठा तिनं केला, आन तिला मना विचारावा लागला." मागून एका ड्रायव्हरनं हॉर्न दिला, तसा तो वळला. जाताजाता म्हणाला, "तुमी आलात ते बरं केलंत. पन मी तुमच्या सांगन्यानं नाय येनार."

ताईंना हे सगळं सरांनीच सांगितलं, त्यांच्या ओट्यावर उभं राहून. त्यांनी ऐकून घेतलं. "बरा हाय का तो?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "तुम्ही एकदा जाऊन या ना, ताई." तर म्हणाल्या, "जाऊन काय बोलू, पोरी? शब्द गेला तो गेला. तो काय तुमच्या मशीनमधला हाय, दुसरा टाकायला?"

मग सर दुरुस्तीला बसले. नमुन्याची किल्ली त्यांनी काढूनच टाकली. नव्या टूलकिटवर केलेला प्रोग्रॅम पहिल्यांदा सुरू झाला की ज्याच्या हातात असेल त्याच्याकडून त्याची स्वतःची किल्ली करून घ्यायचा, तोवर एक पाऊल पुढे जायचा नाही. ज्यांनी ज्यांनी जुनं घेतलं होतं त्यांच्याकडे सर स्वतः गेले, घडलेलं सांगितलं, नवं फुकट देऊ केलं. बहुतेकांनी ते खणात टाकलं. नवं अडवतं, जुनं चालतंय, असा त्यांचा हिशोब. शेठही म्हणाले, "सर, पुढच्या सीझनला बघू." मला वाटतं आमचं ऑफिस बंद पडलं त्याची सुरुवात तिथेच झाली. जो दुकानदार घरोघर जाऊन माझा माल खराब होता असं सांगतो, त्याच्याकडे पुन्हा कोण जाणार? पुढे मी खारघरला दुसऱ्या कंपनीत गेले, तिथे पगार बरा होता आणि कोणी कवड्या टाकत नव्हतं. पण ते नंतरचं.

ताईंनी मात्र नवं घ्यायचं ठरवलं. शेठना सोडून त्या आता थेट एका कंपनीला माल द्यायच्या, आणि त्या कंपनीनं नवं टूलकिट मान्य केलं होतं. ते बसवायला सर आणि मी करंज्याला गेलो. घराच्या पुढे बोंबील वाळत घातले होते आणि पायरीवर केशरी जाकीट काढून ठेवलेलं होतं. भाऊ आत भिंतीला टेकून उभा होता. ताईंनीच निरोप धाडला होता: मास्तर येनार हायत, मना मशीन समजत नाय, येऊन जा. तो आला होता, पण बसला नव्हता. बहीण-भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. ताईंनी चहा दिला तो आमच्या हातात दिला आणि त्याचा कप त्याच्याजवळच्या खिडकीत ठेवला.

सरांनी मशीन लावलं. "बाई, आता तुमची स्वतःची किल्ली होईल. तिला एक शब्द लागेल. तो तुमच्या मनातच ठेवायचा. लिहायचा नाही, सांगायचा नाही." मग भावाकडे न बघता, जरा अवघडून, त्यांनी वाक्य पुरं केलं. "कोणालाच नाही."

ताई खुर्चीत बसल्या. एका बोटानं अक्षरं शोधत टाइप करायला लागल्या. दोनचार अक्षरं झाल्यावर थांबल्या, मान वळवली आणि भिंतीकडे बघून म्हणाल्या, "ऐक रे. मी काय लिवते ते ऐकून ठेव." आणि तो शब्द त्यांनी मोठ्यानं, स्पष्ट उच्चारला. पुन्हा एकदा उच्चारला. तो मी इथे लिहीत नाही. नंतर तो बदलला, तरीही नाही. सरांच्या हाताखाली काढलेल्या वर्षांची सवय आहे.

भाऊ हलला नाही. ताई पुन्हा पडद्याकडे वळल्या होत्या, पण त्यांचं बोट किबोर्डवर नुसतंच ठेवलेलं होतं.

मी सरांकडे बघितलं. आता हे काय म्हणतील, याची मला धास्ती होती. ते उठले. "हा शब्द आता आम्हा दोघांनाही कळला," ते म्हणाले. "हा चालणार नाही. दुसरा ठेवावा लागेल. चल गं, आपण बाहेर थांबू."

आम्ही निघालो तसा भाऊही दाराकडे निघाला. सर उंबऱ्यात थांबले.

"तू कुठे निघालास?" त्यांनी विचारलं. "तू बस."

तो बसला. ताईंच्या शेजारी, जमिनीवरच. मला त्या क्षणी सर फार आवडले. त्यांना ते सांगायचं धाडस मात्र मला कधी झालं नाही.

बाहेर वाळत्या बोंबलांचा वास होता आणि ऊन. आतून ताईंचा आवाज आला, "आरं तसा नको, कोनीबी वळखंल," आणि पाठोपाठ भावाचा, "मंग तूच सांग ना!" आणि मग दोघंही एकदम बोलायला लागले. सर चटकन पायरीवरून उतरले आणि वाळूतून चालायला लागले. पार होड्या ओढून ठेवल्या होत्या तिथपर्यंत गेले. मी मागोमाग गेले आणि म्हटलं, "सर, एवढ्या लांब कशाला?"

"आपल्याला ऐकू येता कामा नये," सर म्हणाले. मग पिवळं हेल्मेट काखेत घेऊन ते समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. "तिथे आता आपलं काही काम नाही."